द्वारकाबाईनं वेशीचं तोरण उचललं

शह्याऐंशी सालची गोष्ट. केदारखेड्यात पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पयला बैल जायचा तो द्वारकाबाईच्या घरचा. सात पिढ्यांचा मान. पण नवरा वारला अन् त्याच साली गावातल्या सर्जेरावानं तिचा बैल चांद्या शिंगाला धरून मागं लोटला.

"बाईमाणसाच्या बैलाला कसला आलाय मान? मागं व्हा, काकू."

त्याचा बैल पुढं गेला. सारं गाव त्याच्या मागं. द्वारकाबाई रडली न्हाई. घरी येऊन चांद्याला पुरणपोळी चारली अन् म्हणली, "पुढच्या पोळ्याला त्या सर्जेरावाला चिखलात रांगवते बघ."

उन्हाळ्यात तिच्या वावरात आभाळातून एक यान पडलं. आतून कोपराएवढी दोन हिरवी माणसं निघाली. यानात बिघाड झाल्ता. बाईनं त्यायला भाकर अन् ठेचा दिला. खाऊन दोघं हिरव्याची निळी झाली, पण खुश. तिच्यासमोरच यान खोलून दुरुस्त करू लागली. बाई टक लावून बघून राह्यली. इंजिन न्हाई, तेल न्हाई. तांब्याची दोन कडी, जात्याच्या दगडांवानी एकावर एक. तिनं पदराला गाठी मारून बराबर माप घेतलं. ती माणसं गेली उडून.

बहिणीचा पोरगा कडूबा भोकरदनला वेल्डिंग करायचा. बाईनं त्याला बोलावलं, एकेक गाठ सोडत अंगणात राखेनं तसल्याच यानाचा नकाशा काढला. घरातली तांब्याची दोन घंगाळं ठोकून कडी केली, गोठ्याचे पत्रे अंगाला लावले.

"मावशे, ह्याला स्टेरिंग कुठाय?"

"स्टेरिंग तुझ्या जीपला. ह्याला कासरा लाव. डावा ओढला की डावीकडं."

पयल्या दिवशी यान उठलंच न्हाई. कडूबालाच घेऊन जागेवर गरगर फिरलं. उतरला तो बिचारा उकिरड्याच्या पाया पडला.

"खालचं कडं कोन घट्ट केलं रे?"

"म्याच. जात्याचा खालचा दगड कुठं फिरतो, मावशे?"

"मुडद्या, जात्याला कुठं उडायचं असतं! सोड त्याला, उलटं फिरू दे."

कडं सुटलं, तसं यान लिंबाच्या शेंड्याला!

पोळ्याच्या दिवशी सर्जेराव फेटा बांधून बैलासंगं वेशीत हुभा. तेवढ्यात घूंऽऽ करत द्वारकाबाई यानातून आली. वरून लोखंडी आकडी टाकली, तोरण उपटलं अन् चालली. गाव खाली बैल घेऊन पळत सुटलं, कारण तोरण जाईल तिथं पोळा. आपल्या गोठ्यापुढं तिनं तोरणाचं एक टोक कडूबाला लिंबाला बांधायला लावलं, दुसरं यानालाच ठेवलं. यान अधांतरी. चांद्या पयला गेला. मंग साऱ्या गावाचे बैल, चिखल तुडवत.

"काकू, आता आमचा जाऊ द्या," सर्जेराव म्हणला.

"जल्दी काय हाये? शेळ्या राह्यल्यात अजून."

शेळ्या गेल्या, जाता जाता तोरणाची पानं खाऊन गेल्या. मंग कुठं त्याच्या बैलाला वाट भेटली. बैल पार झाला, अन् बाईनं कासरा ढिला सोडला. यान खाली, तोरणाची दोरी सर्जेरावाच्या गुडघ्याएवढी.

"मालकाबिगर बैलाचा पोळा होत न्हाई, सर्जेराव. या."

तो रांगत आला. फेटा चिखलात, मिशा चिखलात. वरून बाई म्हणली, "जरा हळू. सगळ्यायला दिसू द्या."