उलटे ठेवलेले तीन स्टँड

आमच्या घरात मला भोंगा म्हणतात. मी चार वर्षांची असताना काकाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. साउंड सिस्टीम भाड्याने देणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलीने याहून गोड नावाची अपेक्षा तरी का करावी! मी जास्त बोलते, मोठ्याने बोलते आणि विचार मागाहून करते. हे सगळं मला मान्य आहे. त्या शनिवारपर्यंत त्यात काही अडचण आहे असं मला वाटत नव्हतं, एवढंच.

बाबा कार्यक्रमांना जातात, मिक्सरवर बसतात, गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. काका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो सव्वीस वर्षं गोदाम सांभाळतोय. वायरी, पेट्या आणि माइकचे स्टँड. स्टँड ही जात भलतीच चिवट. तीन पाय, एक उभा दांडा, एक आडवा, आणि एकमेकांत असे गुंतून बसतात की एक ओढला तर चार अंगावर येतात. काकाने ते कसे लावले होते ते त्याचं त्यालाच ठाऊक. काही भिंतीला टेकलेले, काही पिंपात, दोन-तीन तर चक्क डोक्यावर उभे, पाय वर करून. मी नोकरी सोडून धंद्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "काका, हे गोदाम आहे की भंगाराचं दुकान?"

दुसऱ्या दिवशी काका गुडघा दुखतो म्हणून आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुडघा काकाचा असला तरी दुखणं माझ्या बोलण्याचं आहे हे घरात सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. पण मी फोन केला नाही. आपलं काही चुकलं आहे असं मला वाटतच नव्हतं. सहा दिवस मी एकटी खपले. ब्याऐंशी स्टँड पुसले, उंचीप्रमाणे लावले, मांडणीला कप्पे पाडले आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी डकवली: बुटके, मधले, उंच, जिराफ. जिराफ म्हणजे आमचा सगळ्यात मोठा स्टँड. त्याचा उभा दांडाच माझ्या डोक्यावर जातो, आणि वरचा लांब आडवा दांडा गाणाऱ्यांच्या डोक्यांवरून पार पलीकडे पोचतो. असे आमच्याकडे दोन आहेत.

शनिवारी सकाळी आठ वाजता गाडीवाला माल घेऊन गेला. शाळांच्या समूहगायनाचा कार्यक्रम होता, अकराचा. चिठ्ठ्या वाचून त्याने सगळं सामान दहा मिनिटांत भरलं. एरवी तासभर लागायचा. मी कंबरेवर हात ठेवून मांडणीकडे बघत राहिले आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

दहा वाजून दहा मिनिटांनी काका आला. कामाला नव्हे, त्याच्या खुर्चीवरची उशी न्यायला. माझ्याकडे न बघता त्याने उशी काखेत मारली आणि दाराकडे निघाला. जाता जाता मांडणीवरून त्याची नजर फिरली आणि तो थांबला.

"उलटे कुठे गेले?"

"कोण उलटे?"

"उलटे ठेवलेले स्टँड गं. कोपऱ्यात होते. तीन."

"ते होय! सरळ केले की मी. पुसून आपापल्या कप्प्यात लावले. पाय वर करून ठेवायची ही कुठली रीत?"

काकाच्या काखेतली उशी खाली पडली. ती त्याने उचलली नाही.

"आजारी स्टँड उलटा ठेवायचा," तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "घाईत, अंधारात, कुणीही हात घातला तरी पाय बोचतात आणि कळतं की हा न्यायचा नाही. सव्वीस वर्षं तसंच चाललंय. दोन बुटके होते आणि एक जिराफ. जिराफाच्या सांध्याचे आटे गेलेत. नवा भाग मागवलाय मी."

मांडणीत एकच जिराफ उरला होता. काकाने त्याचा आडवा दांडा धरला, सांध्यावरची मूठ फिरवली, डोळे मिटून पुन्हा फिरवली आणि मान हलवली. "हा चांगला आहे."

म्हणजे आजारी गेला होता.

"पडतो का तो?" मी विचारलं.

"लगेच नाही. तेच तर वाईट. आधी गच्च धरतो, तपासणाऱ्याला शंका येत नाही. मग अर्ध्या-पाऊण तासाने बोट-बोट सरकायला लागतो, आणि मग एकदम सुटतो. त्याच्या टोकाला दोन जड माइक आहेत. खाली कोण असतं?"

मला माहीत होतं. मालाची यादी मीच लिहिली होती: जिराफ, गाणाऱ्या मुलांसाठी. समूहगायनात बुटकी मुलं पहिल्या ओळीत असतात.

बाबांना फोन लावला. बंद. एकदा स्टेजवर पाऊल ठेवलं की बाबा फोन बंद करतात, हा त्यांचा जुना नेम. गाडीवाल्याने उचलला, पण तो माल उतरवून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. सभागृहाचा नंबर बाबांच्या डायरीत, डायरी बाबांच्या खिशात. मी स्कूटरची किल्ली घेतली. काका मागे बसला, दुखरा गुडघा हाताने उचलून.

वाटेत मी किती बोलले याला हिशोब नाही. "मला सांगायला काय झालं होतं? एक चिठ्ठी लावायला काय झालं होतं? रुसून घरी बसलास आणि..."

"तू विचारलंस?" काका म्हणाला. "भंगाराचं दुकान म्हणालीस. भोंगा, पुढे बघ, टँकर आहे."

टँकर गल्लीत मागे मागे येत होता आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूस "येऊ दे, येऊ दे" करत होता. त्यात चार मिनिटं गेली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या गल्लीत कळलं. सारखी ती बुटकी मुलं दिसत होती, वर न बघणारी, बाईंच्या हाताकडे बघून गाणारी. माझ्या चिठ्ठ्या, माझे कप्पे, माझा शहाणपणा! देवा, कुणाला लागलं तर मी काय तोंड दाखवू, असं मी मोठ्यानेच म्हणत होते. मागे बसलेल्या काकाने माझा खांदा घट्ट धरला होता.

सभागृहाच्या मागच्या दाराने आत शिरलो तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. गाणं चालू होतं. काका पडद्याआड उभा राहिला, मी त्याच्या पुढे.

जिराफ स्टेजच्या पुढच्या कडेला उभा होता, हात करून गाणं चालवणाऱ्या बाईंच्या शेजारी. त्याचा दांडा मुलांच्या डोक्यांवरून गेला होता. पहिल्या ओळीत मधोमध दोन वेण्यांची एक मुलगी होती, आणि माइक बरोबर तिच्या डोक्यावर. मी बघत असतानाच ते टोक खाली आलं. फार नाही, दोन बोटं. पुन्हा एक बोट.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडले असते तर पन्नास मुलं माझ्याकडे वळली असती आणि ती मुलगी तिथेच राहिली असती. मी पायांतल्या चपला काढल्या आणि स्टेजवर चालत गेले. भरलेलं सभागृह, मी गोदामातल्या मळक्या कपड्यांत. दांड्याचं मागचं टोक, जिथे वजन लावलेलं असतं, ते माझ्या डोक्याच्या उंचीवर आलं होतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि खाली ओढलं. त्याच क्षणी सांधा सुटला. कट्कन आवाज झाला आणि पुढचा सगळा भार माझ्या मनगटांत आला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्त डोळ्यांनी वर दाखवलं. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांचा हात थांबला नाही. आणि मला सोडता येईना. सोडलं की पडणार, बोललं की मुलं घाबरणार. गाण्याची दोन कडवी राहिली होती. आयुष्यात मी दोन मिनिटं गप्प बसलेली नाही आणि आता दात-ओठ आवळून उभी होते. खांदे पेटले. घाम डोळ्यांत गेला. दोन वेण्यांची मुलगी मान वर करून गात होती आणि तिचा पुढचा एक दात पडलेला होता. मी त्या दातावर नजर ठेवली. तो दिसतोय तोवर सगळं ठीक आहे.

गाणं मोडू नये म्हणून पडद्याआड थांबलेला काका टाळ्या सुरू झाल्या तसा लंगडत आला. बाईंच्या कानात काहीतरी बोलला. बाईंनी हसत हसत मुलांना चार पावलं मागे घेतलं, जणू तसंच ठरलं होतं. काकाने उभा दांडा कवेत घेतला आणि म्हणाला, "सोड आता. हळूहळू सोड. आहे मी." बोटं उघडेनात. त्याने एकेक करून उघडली.

ते दोन आजारी बुटके स्टँड निवेदकाच्या टेबलापाशी सापडले. ते आम्ही पडद्याआड नेऊन उलटे ठेवले.

कार्यक्रम संपल्यावर बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "हा जिराफ कुणी पाठवला?"

"मी," मी म्हणाले.

"ती काय पाठवते! मी सांगून ठेवलं नव्हतं," काका म्हणाला.

"मी विचारलं नव्हतं!"

"मी घरी बसलो होतो!"

"पुरे," बाबा म्हणाले. "आठवडाभर बरोबर कोण म्हणून भांडलात, आता चुकलं कोण म्हणून भांडा." मिक्सरपाशी बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

रविवारी सकाळी बाबा गोदामात कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तपासत बसले होते, शाळेला द्यायचं होतं म्हणून. मी आणि काका नव्या कप्प्यावर लावायची चिठ्ठी लिहीत होतो. 'आजारी' लिहायचं की 'उलटे' यावर आमचं वाजलं होतं. बाबांनी हेडफोन काढला.

"तू गप्प उभी होतीस ना?"

"म्हणजे काय! हूं की चूं नाही केलं."

त्यांनी वायर काढली आणि आवाज मोठा केला. मुलांचं गाणं आलं, ते शेवटचं कडवं. त्याच्या खाली, बाईंच्या पदराला लावलेल्या माइकमधून आलेला असणार, एक बारीक आवाज होता. कुजबुजल्यासारखा, भेदरलेला. ओळखायला मला वेळ लागला, कारण माझा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

"काका. काका, ये ना. काका. काका."

कडवं संपेपर्यंत तेच चाललं होतं. मी लहानपणी या मांडणीवर चढून बसायचे आणि उतरता आलं नाही की अशीच हाक मारायचे. स्टेजवर मी हे बोलत होते याची मला शुद्धच नव्हती. मला रडू फुटलं आणि ते काही बारीक नव्हतं.

"हे पुसावं लागेल," बाबा हळूच म्हणाले. "शाळेला असं देता येणार नाही."

काका खुर्चीवर बसला होता, उशीवर. हातात मार्कर तसाच उघडा होता. त्याने डोळे पुसले आणि घसा साफ केला.

"त्यांना पुसून दे," तो म्हणाला. "मला एक प्रत तशीच ठेव."