दहा पत्नी व इतर एक

नगरपालिकेच्या मोठ्या कारकुनांच्या हातून तीस वर्षांत एकही चूक झाली नव्हती. एकदा सही झालेला कागद ते पुन्हा उघडून बघतच नसत. अशा माणसाकडे जबाबदारीची कामं आपोआप चालत येतात.

पन्नास वर्षांपूर्वी, इंग्रजी अमलात, गावातल्या अकरा बायका पालिकेच्या पायऱ्यांवर एकोणीस दिवस बसल्या, त्यांना अटक झाली, आणि पालिकेच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क मिळवूनच त्या थांबल्या. त्यांच्या नावांची संगमरवरी पाटी लागणार होती. पोलिसांच्या जुन्या वहीत यादी सापडली : डॉक्टरांची पत्नी, शिंप्याची पत्नी, स्टेशनमास्तरांची पत्नी... कारकुनांनी चार महिने खपून डॉक्टर, शिंपी, स्टेशनमास्तर अशा दहाही नवऱ्यांची पूर्ण नावं शोधली. प्रत्येकापुढे ‘यांच्या पत्नी’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. शेवटी ‘व इतर एक’. साहेबांची सही झाली. सोमवारी कोरायला सुरुवात.

शनिवारी ते यादी घेऊन आत्याकडे गेले. त्या अकराजणींत आत्याही होती.

“बघ, चौथ्या ओळीत तू!”

आत्याने चष्मा लावला. “हे तर तुझ्या आतोबांचं नाव.”

“त्यांच्या पत्नी म्हणजे तूच की.”

“अरे, मी पायऱ्यांवर जाऊ नये म्हणून त्यांनी बाहेरून कुलूप घातलं होतं! मी न्हाणीघराच्या खिडकीतून उतरले. त्यांचं नाव घालतोस, तर त्या खिडकीचंही घाल. तिची मदत जास्त झाली.”

“आत्या, ही अधिकृत नोंद आहे.”

“फौजदाराने नवऱ्याचं नाव विचारलं, ते आम्ही सांगितलं. आमचं त्याने विचारलं नाही, आणि तूही नाहीस. बरं, हा ‘इतर एक’ कोण?”

“लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे कोणाच्या नावाखाली शोधायचं, तेच कळेना.”

आत्याचं हसू मावळलं. “टेलिफोन केंद्रात होती ती. अर्ज तिने लिहिला, आम्हा दहाजणींना घरोघर जाऊन तिने गोळा केलं. त्यापायी तिची नोकरी गेली, आणि पुढे कोणी ठेवून घेतलं नाही. ती तुझी ‘इतर’! मागे तिला साहेबलोकांनी काढून टाकलं. सोमवारी तू काढणार.”

कारकून खुर्चीत चुळबुळले. “सही झाली आहे गं. आता दुरुस्ती म्हणजे माझी चूक फायलीत येणार. तीस वर्षांत पहिली.”

“येऊ दे की! आमचीही ती पहिलीच अटक होती.”

सही झालेली यादी कारकुनांनी पुन्हा वाचली. दहा सद्गृहस्थ ऐटीत ओळीने उभे होते. त्यांतला एकही त्या पायऱ्यांकडे फिरकला नव्हता! कारकुनांनी कागद आडवा फाडला, कोरा घेतला.

“सांग.”

आत्याने टेलिफोनवालीपासून सुरुवात करून दहा नावं सांगितली. शिंप्याच्या बायकोला मात्र सगळ्या ‘ठेंगू’च म्हणत, खरं नाव आठवेना. कारकून रविवारी तिच्या नातीच्या दारात उभे राहिले.

“आमची आजी? अटक?” नात उडालीच. “आम्हाला तर मोठ्याने हसूसुद्धा देत नसे!” मग ती आत गेली आणि आजीचं नाव एका कागदावर लिहून घेऊन आली. लिहिताना तिने ते दोनदा गिरवलं होतं.

सोमवारी साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “कारकून, तुमच्याकडून चूक?”

“हो साहेब. माझीच.” आणि चमत्कार असा, की छत कोसळलं नाही!

पाटी आठवडाभर उशिरा लागली. अकरा नावं, टेलिफोनवालीचं पहिलं.

नागरिकहो, मतदानाच्या रांगेत आपण सगळेच ताठ उभे राहतो. ती रांग ज्यांनी मिळवून दिली, त्या कोणाच्या कोण होत्या ही चौकशी आता पुरे झाली. त्या कोण होत्या, ते विचारा. आपल्याच घरापासून सुरुवात करा आणि नाव पूर्ण लिहून घ्या. त्या आपणहून सांगणार नाहीत. इतकी वर्षं विचारलंय कोणी?