नीलाबाईची भूक

मी नीलाबाईचं पोट बोलतोय. दचकू नका. मला कापून काढलं, बाटलीत घालून तपासलं, मग भट्टीत जाळलं. तरी मी धानोऱ्याकडच्या तिच्या घरातच घुटमळतोय. जाणार तरी कुठे? पन्नास वर्षं दुसरा आसराच पाहिला नाही.

आमचं साधं होतं. सगळ्यांना वाढून ती शेवटी जेवायची, तेही मी कोकललो की मगच. पेज, वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, वर मिरची. मी हाक मारायची आणि तिने जेवायचं, असा रिवाजच पडला होता.

मग माझ्यात कॅन्सरची गाठ धरली. दवाखान्यात आधी दोन महिने केमो आणि सोबत इम्युनोथेरपी दिली. नर्स साक्षी समजावायची, "बाई, केमो गाठीले मारते, अन् हे दुसरं औषध तुमच्याच रक्तातल्या शिपायांले जागं करते." जागे झाले की हो! गाठ एवढीशी झाली. मला वाटलं, वाचलो बुवा! पण ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर मीही गेलो. डॉक्टरांनी आतडं वर ओढून थेट अन्ननळीला जोडलं. "लपलेले कण राहू शकतात, म्हणून हीच औषधं पुन्हा द्यायची," ते म्हणाले.

तेव्हापासून नीलाबाई झिजतेय. तिला भूकच लागत नाही. भूक माझ्यापाशी होती, माझ्याबरोबर गेली.

काल डोससाठी गेली, तर काट्यावर सहा किलो कमी भरली. साक्षीने सलाईन बाजूला ठेवलं.

"इतक्या वजनावर डोस देता येत नाई, बाई. घड्याळ पाहून थोडंथोडं खायचं म्हटलं होतं ना?"

"भूकच नाई त काऊन खाऊ? लागन तवा जेवीन."

तिचा नवरा पोचू रडकुंडीला आला. "दोन घास खाय वं, नीला. औषध बंद पडलं त ते कण वाढतीन."

"मी वाट पाहून राह्यली ना," ती म्हणाली.

माझी वाट! अगं वेडे!

आज दुपारी चुलीपुढे बसलीय, ताट झाकून ठेवलंय. मी होतो तिथे हात ठेवून कानोसा घेतेय. मी जीव तोडून ओरडतोय, पण तिला काहीच ऐकू जात नाही. मला फार भीती वाटतेय.

नीलाबाई, मी मेलोय गं. आता माझी हाक कधीच येणार नाही. पोचू जेवायला बसलाय, त्याच्या शेजारी बस. भूक नसली तरी जेव.