पाकिटाची पोथी

आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत अणदूरचे बब्रुवान गुरुजी कांदा, लसूण आणि वांगं तोंडात घालत नसत. खंडोबाचा हा नेम त्यांनी एकेचाळीस वर्षं पाळला होता. बायको विठाबाई होती तोवर तिनं त्यांच्यासाठी वेगळी कढई ठेवली. ती गेली आणि कढई माळ्यावर गेली.

आता सून राजेश्वरी पाकीट फोडायची. ती नोकरीवर जायची, तिची धावपळ होतीच. पण मुलगा कृष्णराज दिवसभर घरी असला तरी त्यालाही पाकीटच लागे. गरम पाण्यात बुडवलं की पाच मिनिटांत भाजी. चव मात्र रोज तीच, कुणीतरी आधीच चावून ठेवल्यासारखी. गुरुजी गुमान गिळत.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी कचऱ्याच्या डब्याबाहेर पडलेलं रिकामं पाकीट त्यांनी उचललं आणि पाठीमागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. वांगी, कांदा, लसूण. चार महिने हेच पाकीट चाललं होतं. मोरीत जाऊन त्यांनी घशात बोटं घातली, पण चार महिने थोडेच बाहेर पडतात!

"राजेश्वरी, तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्या."

"मामा, वर 'मिक्स भाजी' लिवलंय की. मागचं एवढं बारीक कोण वाचत बसतंय?"

गुरुजींना तिच्यापेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली. जन्मभर पोरांना वाचायला शिकवलं आणि स्वतः न वाचता गिळत राहिले.

दुसऱ्या दिवशी खंडोबाच्या घटापुढं पोथी वाचून संपवायची होती. कृष्णराज म्हणाला, "आबा, दोन तास कोण बसंल? मोबाईलवर पोथीचं सार हाय, धा मिंटाचं."

"मीच वाचतो. धाच मिंटं."

मुलगा आणि सून पाटावर बसले, हातात मोबाईल. गुरुजींनी पोथी बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि कालचं पाकीट सरळ करून पोथीच्याच चालीवर सुरू केलं, "वांगी... कांदा... लसूण... पामतेल... मीठ... थंड आणि कोरड्या जागी ठेवावे..."

मुद्दाम सावकाश वाचत होते. कुणीतरी मान वर करील, 'आबा, हे काय?' म्हणंल, एवढीच त्यांची आशा होती. कृष्णराजचा अंगठा काचेवर सरकत होता. राजेश्वरी मधूनमधून मान डोलवत होती.

"फोडल्यावर लगेच संपवावे," गुरुजींनी वाचलं आणि ते थांबले.

आवाज थांबल्याबरोबर कृष्णराजनं भंडारा उधळला. "येळकोट येळकोट जय मल्हार!"

"जय मल्हार!" राजेश्वरीनं हात जोडले. "मामा, किती झ्याक वाचलं! दरसाली असंच वाचत जावा."