टायरातला समंध

मे महिन्याच्या भर दुपारी मानकोलीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यात पुढच्या पिकअपच्या मागच्या चाकासमोर श्वासनाथ महाराज मांडी घालून बसले होते, आणि शेजारी त्यांचा चेला ढोल बडवत होता. महाराजांनी टायरवर तळहात ठेवला, डोळे फिरवले आणि ओरडले, "बसलाय! आत समंध बसलाय! हात लावून बघा, ताप भरलाय त्याला!"

लोकांनी हात लावला. चटका बसला. उन्हातून कापडाच्या गाठी लादून आलेला टायर तापणार नाही तर काय गार पडणार? पण तेवढा विचार करायला त्या गर्दीत कुणाला सवड होती!

मग महाराजांनी डाव्या हातानं पेटता कापूर चाकाजवळ धरला आणि उजवा हात भगव्या उपरण्याखाली नेला. ढोल टिपेला पोचला. कुणी फुंकर मारली नाही, वारा तर औषधालाही नव्हता, तरी ज्योत आडवी होऊन विझली. पाठोपाठ एक कुबट वास सुटला.

"गेला!" महाराज गरजले. "वास घ्या त्याचा! सात वर्सं आत सडत व्हता!"

बायांनी नाकाला पदर लावले, बाप्यांनी नारळ पुढं केले. चार चाकं, चार समंध. महाराजांच्या हिशेबात कधी तीन निघाले नाहीत.

नाक्याच्या पलीकडे फखरुद्दीनचाचांचं पंक्चरचं दुकान होतं. तीस वर्षं रबराशी झटापट केलेल्या त्या म्हाताऱ्याला तो वास चांगला ओळखीचा होता. जुन्या ट्यूबमधली हवा सोडली की हाच वास येतो. महाराज नाक्यावर येऊन बसले त्या पहिल्याच आठवड्यात चाचांना सगळं कळलं होतं, आणि ते गप्प बसले होते. चार वर्षांपूर्वी दंगलीत त्यांचं दुकान जळालं होतं. आता कुठे गिऱ्हाईकं परतली होती. आपण भगव्या उपरण्याकडे बोट दाखवलं तर काय होईल, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दामू ड्रायव्हर त्यांचा रोजचा चहाचा सोबती. त्याचीही पिकअप भिवंडीच्या लूमवरून मुंबईला कापड न्यायची. एके सकाळी चाचा त्याला म्हणाले, "दामू, मागची चाकं बसलेली दिसतात रे."

"हात लावू नका, चाचा. म्हाराजांनी बांधलीत. आनि गाडी कशी मऊ चालते म्हाईत हाय? पालखीत बसल्यावानी!"

हवा कमी केलेली गाडी मऊच चालते. टायर चेपतो आणि खड्ड्याचा धक्का गिळतो. महाराजांच्या चमत्काराचा सगळ्यात मोठा पुरावा तोच होता. चाचांनी हवा मोजायचं गेज खिशात परत टाकलं आणि दोन चहा सांगितले.

तीन दिवसांनी कशेळीच्या पुलाअलीकडे दामूचा मागचा टायर फुटला. गाडी उलटली आणि दामू गाठींखाली चेंगरून मेला.

महाराजांनी लगेच निकाल दिला. "मनात संशय ठिवला की समंध परत येतो. त्या हवावाल्याकडं चाय पीत व्हता न्हाय का?" दामू राहायचा त्या पाड्यात तेच बोललं जाऊ लागलं. दामूच्या बायकोच्या, रंगूबाईच्या तोंडावर बाया सांगू लागल्या, की तुझ्या नवऱ्यानं आपल्याच कर्मानं जीव घालवला.

दहाव्यानंतर रंगूबाई फुटका टायर ओढत चाचांच्या दुकानात आली. "खरं सांगा, चाचा. ह्यो कशानं फुटला?"

चाचांनी टायर उलटा केला. आतून मूठभर काळी भुकटी सांडली. दोन्ही बाजूंचे धागे सुटून करपले होते.

"खिळा घुसला असता तं भोक असतं. ही भुकटी सांगते, टायर बसक्या हवेवर धावलाय. गाठी लादल्या की ह्या गाडीला मागं बेचाळीस पौंड हवा लागते, पुढं अठ्ठावीस. मागं कमी पडली की टायर फिरताना सारखा चेपतो, वाकतो, आतून तापतो. शेवटी फुटतो."

"आनि हवा कमी कोनी केली?"

चाचांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. नाक्यावरून ढोल ऐकू येत होता.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"व्हतं, बेटी."

"आनि तुमी त्याला चाय पाजलात."

हा टायर तिनं माझ्याच डोक्यात घातला तर बरं, असं म्हाताऱ्याला वाटलं. पण तिनं गेजकडे बोट दाखवलं. "ह्ये वाचायला शिकवा मला. माझा दीर मोरू उद्या दुरुस्त केलेली तीच गाडी लादून रांगंत लागनार हाय. घरातला दुसरा बाप्या न्हाय घालवायचा मला."

दुसऱ्या दिवशी मोरूची गाडी महाराजांसमोर आली, तेव्हा रंगूबाईनं आधीच मागच्या चाकाची हवा मोजून ठेवली होती. बेचाळीस. ढोल वाजला, कापूर विझला, समंध गेला. तिनं पुन्हा गेज लावलं. सव्वीस.

"वैनी, बाजूला व्हा. लोक बघतात," मोरू कुजबुजला.

ती बाजूला झाली, ती थेट दुसऱ्या चाकाशी जाऊन बसली. कापूर पेटवला आणि पदराआडून खिळ्यानं व्हॉल्व्हची पिन दाबली. ज्योत आडवी होऊन विझली, तोच कुबट वास सुटला. आणि एका म्हातारीनं पुढं होऊन तिचे पाय धरले. "आई माझी! अंगात आली गं बया!"

"अंगात कोनबी आलं न्हाय!" रंगूबाई किंचाळली. "ढोल थांबवा!"

ढोल थांबेना. तेव्हा फखरुद्दीनचाचा रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी ढोलावर पंजा दाबून धरला. नाका चिडीचूप झाला.

"आता ऐका," रंगूबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा पिन दाबली.

फुस्सऽऽ.

तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरनं तो आवाज जन्मभर ऐकला होता. मोरूनं महाराजांचा उजवा हात उपरण्याखालून बाहेर ओढला. बोटातल्या अंगठीला बारीक टोक काढलेलं होतं.

"धरम बुडवायला आलाय ह्यो लांड्या!" महाराज चाचांकडे बोट करून ओरडले. सगळ्या माना चाचांकडे वळल्या. चाचांनी पंजा ढोलावरून उचलला नाही.

"मोरू, बेचाळीस व्हती," ते म्हणाले. "आता किती ऱ्हायली, तू वाच."

मोरूनं महाराजांनी झाडलेल्या चाकाला गेज लावलं. "सव्वीस," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

संध्याकाळपर्यंत महाराज पसार झाले. पुढं ते अकलोलीच्या गरम कुंडांपाशी दिसले म्हणे. तिथं ताप जमिनीतूनच येतो, टायरसुद्धा लागत नाही.

चाचा आता येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला थांबवून सांगतात. हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. माल जितका लादाल, त्याप्रमाणे मागं भरा. धावून तापलेला टायर चार-पाच पौंड जास्त दाखवतो, ती जास्तीची हवा सोडू नका. यात मंत्र नाही, तंत्र नाही. एक गेज लागतं आणि त्यावरचा आकडा मानायची तयारी लागते. ज्यांना तो आकडा ठाऊक आहे, त्यांना तो वेळेवर आणि मोठ्यानं सांगावा लागतो.

पहिल्याच दिवशी चाचा मोरूला हे सगळं सांगत होते, तेव्हा रंगूबाई दुकानाच्या दारात उभी होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"येवढंच व्हतं व्हय?" ती म्हणाली. "चाय पिऊन व्हायच्या आत झालं असतं सांगून."