धरून टोचणार नाही

"बाही वर कर," सिस्टर म्हणाल्या. समोरच्या स्टुलावर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बसला होता. याच हॉस्पिटलच्या लिफ्ट तो दुरुस्त करायचा. खिशात सदा पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत.

पान्याने बाही वर केली नाही. "ताई, लस नवी आहे. जरा जुनी होऊ दे, मग बघू."

"मी घेतलीच ना? आहे की धडधाकट!"

"तू स्वतः ठरवून घेतलीस. मला हुकूम आलाय. घे, नाहीतर उद्यापासून फाटक बंद."

साथीत माणसं धापा टाकत कशी जातात, ते सिस्टरांनी उशाशी उभं राहून पाहिलं होतं. त्यांनी भावाला पुन्हा सगळं समजावलं. त्याने मन लावून ऐकलं, पण बाही होती तिथेच राहिली.

शेजारची नर्स कुजबुजली, "मारा ना कार्डावर 'लस घेतली'चा शिक्का. घरचाच तर आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय," सिस्टर म्हणाल्या. "खोटा शिक्का मारणार नाही. आणि धरून टोचणारही नाही."

हातमोजे काढून त्या तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. "त्याला थोडी मुदत द्या. मी वळवते त्याला."

डॉक्टरांचे डोळे जागरणाने तांबारले होते. "एकाला सूट दिली की उद्या रांग लागेल, सिस्टर. आणि लिफ्टमधून पेशंटच जातात ना?"

सिस्टर परत निघाल्या. नियम चुकीचा नव्हता. पण भाऊही काही गुन्हेगार नव्हता.

संध्याकाळी पान्याने किल्ल्यांचा जुडगा जमा केला. "तुझ्यावर राग नाही गं," एवढंच म्हणाला.

रविवारी तो बाबांना भेटायला घरी आला आणि दाराबाहेरच थबकला. बाबांची छाती आधीच नाजूक.

"आत ये की रे!" बाबांनी हाक मारली.

"नको बाबा. ठरवलंय मी, त्याचा ताप तुम्हाला कशाला?"

सिस्टरांनी वाद घातला नाही. एक खुर्ची बाहेर जिन्यापाशी मांडली, बाबांची आत खिडकीजवळ ओढली, आणि दार सताड उघडं ठेवलं.

बाबांना कमी ऐकू येई. त्यामुळे "नवीन काम मिळालं का?" हा प्रश्न आणि "अजून नाही!" हे उत्तर, दोन्ही सगळ्या मजल्यांनी ऐकलं.