कानामागचा ठिपका

विजयश्रीचे डोळे सुजले होते ते रडून नव्हे, काळ्या मेंदीनं. पण हे तिला आणि तिच्या लेकीला, मिनलला सोडून कुणाला ठाऊक नसावं, आणि मयताच्या घरी असल्या चौकशा करतंय कोण.

भाच्याच्या लग्नाला राजगुरुनगरला जायचं होतं, म्हणून तिनं शनिवारी केसांना मेंदी लावली. एरवी ते काम नवऱ्याचं, बुद्धभूषणचं. चाकणच्या कंपनीत तो पेंट शॉपला होता. रंग आधी कोपऱ्यात लावून बघायचा, ही त्याची खोड घरातही सुटत नसे. पाकीट नेहमीचं असलं तरी दोन दिवस आधी बायकोच्या कानामागे ठिपका लावणार आणि येता-जाता कान मुडपून बघणार. "मी काय गाडीचा दरवाजा आहे का?" ती म्हणायची. या खेपेला त्याला ओव्हरटाइम होता आणि दुकानात नेहमीचं पाकीट नव्हतं. ठिपक्याचं सोंग कोण करत बसणार, म्हणून तिनं दुसरं पाकीट आणून सरळ डोकं माखून घेतलं.

रविवारी डोकं खाजलं. सोमवारी उठली तर पापण्या फुगलेल्या, कपाळाच्या कडेनं पुरळ. बुद्धभूषण पहिल्या शिफ्टची बस धरून केव्हाच गेला होता. दवाखान्यात जायला ती चपला घालत होती तेवढ्यात कंपनीतून फोन आला. तो कामावरच कोसळला होता. हृदयाचा झटका इतका मोठा होता की तो दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

संध्याकाळी त्याला कासारवाडीला घरी आणलं तोवर तिच्या डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्या होत्या. शेजारची अंबुबाई गळ्यात पडली. "रडून रडून काय करून घेतलंस गं डोळ्यांचं!" विजयश्रीच्या डोळ्यातून टिपूसही आलं नव्हतं. चहा दिला की ती घ्यायची, ऊठ म्हटलं की उठायची. नवरा गेला हे तिला घराचा पत्ता माहीत असावा तसं माहीत होतं, त्याहून जास्त नाही. एवढा जीव लावणारा माणूस गेला आणि आपल्याला काहीच कसं होत नाही, याची तिला भीती वाटत होती.

भिंतीला टेकून सासू बसली होती, तानुबाई. तिचेही डोळे कोरडे. "पोटचा गेला, पण म्हातारीच्या डोळ्याला पाणी नाही," बायका कुजबुजल्या. विजयश्रीनं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मिनल डॉक्टरांना फोटो दाखवून गोळ्या घेऊन आली. "वर्षानुवर्षं लावलेली मेंदीसुद्धा कधीतरी अंगावर उठते म्हणाले. परत लावायची नाही. आणि या घे, सूज उतरेल."

विजयश्रीनं गोळ्या उशीखाली सरकवल्या. सूज उतरली की खालचे कोरडे डोळे दिसणार, आणि दिवसांच्या जलदान विधीला सगळं गोत जमायचं होतं. तोवर सूज टिकायला हवी होती. केसांच्या मुळाशी पाणी सुटलं, उशीचा अभ्रा डोक्याला चिकटू लागला. तिनं सोसलं. सगळ्या अंगात तेवढी खाजच काय ती जिवंत होती.

जलदानाला दोन दिवस राहिले असताना, दुपारी तानुबाई तिच्याजवळ येऊन टेकली. काही न बोलता तिनं सुनेचा कान मुडपून मागे पाहिलं.

"ठिपका न्हाई लावला व्हय?"

विजयश्रीनं उशी जवळ ओढून घेतली.

"पहिल्या दिवशीच मला मेंदीचा वास आला. गोळ्या का घेत न्हाईस?"

"मला रडू येत नाही, आत्या." हे ती पहिल्यांदाच तोंडानं बोलली. "सूज गेली तर लोक काय म्हणतील?"

"मला तरी कुठं येतंय? पोटात वागवला त्याला, आन आत नुसतं लाकूड झालंय." म्हातारीनं कान सोडला. "तुला निदान सूज तरी हाय."

विजयश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सुजेच्या आडोशाला बसली होती आणि म्हातारी सगळ्यांसमोर उघड्यावर. तिनं मिनलला हाक मारून पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

जलदानाच्या दिवशी सूज बरीच ओसरली होती. दोघी पांढरी लुगडी नेसून बुद्धभूषणच्या फोटोसमोर बसल्या. बुद्धवंदना सुरू झाली. अंबुबाईनं दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेजारणीच्या कानाला लागली. या वेळी विजयश्रीनं मान खाली घातली नाही. सासूचा हात तिनं मांडीवर ओढून घेतला, आणि दोघी कोरड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिल्या.